साक्षीदाराचे समन्स परत का येते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाणी दावे वर्षानुवर्षे का रेंगाळतात यावर आपल्या पत्रव्यवहारात अधूनमधून चर्चा होते. न्यायाधीश कमी, सुट्ट्या जास्त, वकील तारखा मागतात ही कारणे ठरलेली, आणि ती खोटी नाहीत. पण दावा पुराव्याला आला की तो ज्या कागदापाशी अडकून बसतो, त्या साक्षीदाराच्या समन्सबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत, 'साक्षीदार समन्स न बजावता परत, नवीन समन्स काढावे' ही ओळ तीन-चारदा आली की वर्ष गेले म्हणून समजा. मग सगळा राग समन्स घरोघर पोचवणाऱ्या बेलीफावर निघतो. आमचे मत वेगळे आहे. ही समन्से बहुधा बेलीफाच्या हाती पडण्याआधीच, अर्ज लिहिताना बिघडलेली असतात.

इंग्रजी चित्रपटांमुळे 'सबपीना' (साक्षीदाराला बोलावण्याचा न्यायालयाचा हुकूम) हा शब्द आता पक्षकारांच्याही तोंडी येतो. आपल्याकडे प्रतिवादीला जाते तेही समन्स आणि साक्षीदाराला जाते तेही समन्सच. त्यामुळे घरी समन्स आले की 'आपल्यावर केस झाली' अशी घबराट उडते. दिवाणी प्रक्रिया संहितेत दोन्हींच्या जागा निराळ्या आहेत. प्रतिवादीचे समन्स संहितेच्या ऑर्डर 5 (नियमांचा पाचवा गट) खाली निघते, साक्षीदाराचे ऑर्डर 16 खाली. बजावणीची रीत मात्र ऑर्डर 16 ने ऑर्डर 5 मधूनच उसनी घेतली आहे.

बोलायला सोपे जावे म्हणून एक नेहमीचा दावा डोळ्यांसमोर धरू. सातारच्या दिवाणी न्यायालयात भावाभावांत वाटपाचा दावा आहे आणि एका भावाने वडिलांचे मृत्युपत्र पुढे केले आहे. त्याला साक्षीदार हवेत तीन: मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही केलेला गृहस्थ, वडील शेवटी ज्या दवाखान्यात होते तिथले डॉक्टर, आणि वडिलांचे खाते होते त्या बँकेचा शाखाधिकारी. तिघांचेही समन्स एकाच साच्यातून काढले जाते, आणि घोळाला तिथूनच सुरुवात होते.

आधी मुदती. न्यायालयाने मुद्दे, म्हणजे निकालासाठीचे वादाचे प्रश्न, काढले की त्यानंतर 15 दिवसांच्या आत साक्षीदारांची यादी द्यायची. यादी दिल्यापासून 5 दिवसांत समन्ससाठी अर्ज करायचा. अर्जाच्या तारखेपासून फार तर 7 दिवसांत साक्षीदाराच्या भत्त्याची आणि प्रवासखर्चाची रक्कम न्यायालयात भरायची. या मुदती 2002 साली अमलात आलेल्या दुरुस्तीने आवळलेल्या आहेत. प्रत्यक्षात मुद्दे निघाल्यावर पक्षकार गावी जातो, वकील पुढच्या तारखेची नोंद करतो आणि यादी आठवते ती वादीचा पुरावा संपत आल्यावर. यादीत नसलेल्या साक्षीदाराला समन्स काढायचे तर नाव का राहिले याचे सबळ कारण दाखवावे लागते, न्यायालयाला परवानगीची कारणे लिहावी लागतात, समोरचा हरकत घेतो, त्यावर युक्तिवाद होतो. म्हणजे समन्स निघण्यापूर्वीच दोन तारखा खर्ची पडल्या.

जो साक्षीदार शब्दाखातर येणार आहे त्याच्यासाठी समन्स काढूच नये. ऑर्डर 16 मधला नियम 1-अ साक्षीदाराला समन्सशिवाय हजर करण्याची मुभा देतो. अशा साक्षीदाराचे नाव यादीत नसले तरी त्याला आणता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1983 साली मांगेराम विरुद्ध ब्रिजमोहन या प्रकरणात स्पष्ट केले. तरीही शेजारचा बांधकरी, चुलत मेहुणा, एकाच घरात राहणारी बहीण यांच्या नावे समन्स निघत राहतात. 'कोर्टाचा कागद असला म्हणजे बरे' ही त्यामागची भावना. त्यापायी नझारतीत, म्हणजे समन्सांची बजावणी पाहणाऱ्या कचेरीत, कागदांचा ढीग वाढतो आणि खरोखर ज्याला समन्सवाचून आणता येत नाही त्याचे समन्स ढिगाच्या तळाशी जाते.

आता अर्ज. साक्षीदार कशासाठी हवा आहे ते अर्जात लिहिलेच पाहिजे. समन्समध्येही तो साक्ष देण्यासाठी येणार, कागद हजर करण्यासाठी येणार की दोन्हींसाठी, हे नमूद करावे लागते, आणि कागद हवा असेल तर त्याचे पुरेसे नेमके वर्णन हवे. आमच्या डोळ्यांखालून जाणारे अर्ज साधारण असे असतात: 'बँकेचे मॅनेजर यांनी मयताचे सर्व रेकॉर्ड घेऊन कोर्टात हजर राहावे.' असे समन्स शाखेत गेल्यावर काय होते? मॅनेजर ते विधी विभागाला पाठवतो. विधी विभाग विचारतो, कोणते रेकॉर्ड, कोणत्या काळाचे? तारखेला एक कारकून रिकाम्या हाताने येतो आणि 'तपशील मिळाल्यास शोध घेऊ' असे पत्र देतो. हेच अर्जात 'बचत खाते क्रमांक अमुक, कालावधी 1 एप्रिल 2018 ते 31 मार्च 2019, या काळाचा खातेउतारा, खाते उघडतानाचा अर्ज आणि त्यावरील नमुना सहीचे कार्ड' असे लिहिले असते तर काम एका तारखेत झाले असते.

बँकेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट हा 1891 चा जुना कायदा आजही चालू आहे. बँक स्वतः दाव्यात पक्षकार नसेल तर तिच्या अधिकाऱ्याला मूळ खातेवह्या घेऊन येण्यास किंवा त्यातील नोंदी शाबित करायला साक्षीस येण्यास भाग पाडता येत नाही. त्यासाठी न्यायालयाचा खास कारणासाठी काढलेला हुकूम लागतो. नोंदी शाबित करायला कायद्यात सांगितलेल्या प्रमाणपत्रासह प्रमाणित उतारा चालतो. नोंदी संगणकातील असतील तर प्रमाणपत्राचा मजकूर जास्तीचा आहे आणि तो गाळला तर उताऱ्याला हरकत येते. म्हणून आपल्या उदाहरणातल्या भावाने खातेउताऱ्यासाठी शाखाधिकाऱ्याला पिंजऱ्यात उभे करायचे कारण नाही. नमुना सहीचे कार्ड मात्र खातेवही नव्हे. वडिलांच्या सहीची तुलना करायची असेल तर मूळ कार्डच हवे, आणि त्यासाठी समन्स योग्य.

नुसता कागद हवा असेल तर अर्जात तसेच लिहावे, 'साक्षीसाठी' हा शब्द सवयीने घुसडू नये. ऑर्डर 16 च्या नियम 6 प्रमाणे फक्त कागद हजर करण्याचे समन्स असेल, तर स्वतः न येता कोणाकरवी तो कागद न्यायालयात पोचवला तरी समन्सचे पालन झाले. असा कागद घेऊन आलेला माणूस तेवढ्याने साक्षीदार होत नाही आणि त्याची उलटतपासणी घेता येत नाही. पुराव्याच्या जुन्या कायद्यातील ही तरतूद नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. हे ठाऊक नसल्याने कितीतरी कार्यालयांतले लोक अख्खा दिवस बाकावर घालवतात आणि वकीलही त्यांना उगीच शपथ द्यायला निघतात.

नाव की हुद्दा, हा आणखी एक नेहमीचा खड्डा. कागद कार्यालयाचा असेल तर समन्स हुद्द्यावर काढा: 'शाखाधिकारी', 'दुय्यम निबंधक', 'अभिलेखपाल'. नाव घातले आणि तो माणूस बदलून गेला, की 'सदर अधिकारी येथे कार्यरत नाहीत' असा शेरा घेऊन समन्स परत. उलट साक्षीचा विषय माणसाच्या स्वतःच्या माहितीचा असेल, जसे मृत्युपत्राच्या दिवशी वडील शुद्धीवर होते का, तर डॉक्टरांचे नावच हवे. 'वैद्यकीय अधिकारी, अमुक हॉस्पिटल' असे लिहिले तर काल रुजू झालेला कोणी तरुण डॉक्टर केस पेपर घेऊन येतो आणि 'यावरची सही कोणाची ते मला सांगता येणार नाही' म्हणून निघून जातो. त्याची काही चूक नाही.

दवाखान्याच्या कागदांबाबत उशीर महागात पडतो. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे 2002 चे विनियम आंतररुग्णांची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षे ठेवायला सांगतात. दावा पुराव्याला येतो आठव्या वर्षी. तोवर खासगी दवाखान्याने कागद रद्दीत घातले असतील तर समन्स बजावूनही हाती काही लागणार नाही. दावा दाखल होताच दवाखान्याला कागद जपून ठेवण्याचे पत्र द्यावे, नातेवाईक म्हणून प्रती मागून ठेवाव्यात आणि गरज वाटली तर कागद लवकर मागवण्याचा अर्ज न्यायालयातच करावा.

जिथे समन्स लागतच नाही अशा दोन जागा. कागद समोरच्या पक्षाच्याच ताब्यात असेल तर त्याला कागद हजर करण्याची नोटीस द्यायची असते. ती पाळली नाही तर पुढे दुय्यम पुराव्याची (मूळ कागदाऐवजी नक्कल वगैरे) वाट मोकळी होते. आणि कागद दुसऱ्या न्यायालयाच्या दप्तरात असेल तर तिथल्या कारकुनाला समन्स न काढता ऑर्डर 13 च्या नियम 10 खाली दप्तर मागवायचे, सोबत प्रमाणित प्रत का पुरणार नाही हे सांगणारे शपथपत्र जोडायचे. सातबारा, फेरफार, जन्ममृत्यूची नोंद यांच्या प्रमाणित नकला तशाच पुराव्यात येतात. नकलेच्या अर्जाने जे काम होते त्यासाठी तलाठ्याला बोलावण्याचा सोस का, हे आम्हाला कधी कळलेले नाही.

मग पैसे. इथे दोन निरनिराळ्या रकमा आहेत. समन्स बजावण्याची प्रोसेस फी सरकारची. साक्षीदार भत्ता साक्षीदाराचा: जाण्यायेण्याचे भाडे आणि एका दिवसाचा खर्च. तज्ज्ञ असेल तर साक्षीच्या आणि त्याआधी केलेल्या कामाच्या वेळेचा वाजवी मोबदलाही न्यायालय ठरवू शकते. समन्स व्यक्तीच्या हाती देता आले तर ही रक्कम त्याच वेळी त्याच्यापुढे ठेवायची असते. पक्षकार फी भरतो, भत्ता विसरतो. साक्षीदार आला नाही म्हणून वॉरंट मागायला उभे राहिले की न्यायाधीशांचा पहिला प्रश्न असतो, 'भत्ता दिला का?' रोजनाम्यात त्याची नोंद नसेल तर वॉरंटचा अर्ज तिथेच थंडावतो. साक्ष एका दिवसात आटोपली नाही तर जादा दिवसाचा खर्चही बोलावणाऱ्यानेच द्यायचा.

आता बजावणी. तारीख किती दिवसांची घ्यायची याला कायद्यात आकडा नाही. साक्षीदाराला तयारीला आणि प्रवासाला वाजवी वेळ मिळाला पाहिजे एवढेच म्हटले आहे. नझारतीतून बेलीफाकडे कागद जाणे, त्याची त्या बाजूची फेरी ठरणे, अहवाल परत येणे हे सगळे धरून जिल्ह्यातल्या जिल्ह्यात चार आठवडे आणि जिल्ह्याबाहेर दोन महिने मागावेत. दहा दिवसांची तारीख घेणारा पक्षकार तत्पर वाटतो, पण त्याचे समन्स तारीख उलटून गेल्यावर गावात पोचते.

पत्ता हा तर वेगळाच विषय. 'मु. पो. अमुक, ता. कोरेगाव, जि. सातारा' एवढ्यावर बेलीफाने माणूस कसा शोधायचा? त्या गावात एका आडनावाची चाळीस घरे असतात आणि त्यात त्याच नावाचे दोघे-तिघे. वडिलांचे पूर्ण नाव, वस्ती किंवा मळ्याचे नाव, देवळाच्या कोणत्या अंगाला घर, धंदा, मोबाईल क्रमांक हे अर्जातच द्यावे. पक्षकाराने ठरल्या दिवशी स्वतः बरोबर जाऊन घर दाखवले तर फारच उत्तम, त्याला कोणाची हरकत नाही.

त्याहून सोपी वाट म्हणजे हमदस्त. ऑर्डर 16 च्या नियम 7-अ प्रमाणे पक्षकाराच्या अर्जावरून न्यायालय समन्स त्याच्याच हाती देते आणि त्याने ते साक्षीदाराला समक्ष द्यायचे. या रीतीने बजावले तर बजावणीची फी भरावी लागत नाही. भत्ता मात्र पक्षकाराने स्वतः साक्षीदाराच्या हाती द्यायचा. समन्सची शिक्क्याची आणि सहीची प्रत साक्षीदाराला द्यावी, मूळ समन्सवर त्याची पोच घ्यावी, तारीख आणि वेळ घालावी, भत्त्याची पावती घ्यावी. साक्षीदाराने घेण्यास किंवा सही करण्यास नकार दिला तर वाद घालू नये. तसे न्यायालयाला कळवावे, म्हणजे न्यायालय ते समन्स पुन्हा आपल्या यंत्रणेमार्फत बजावते. पुढे साक्षीदार गैरहजर राहिला तर पक्षकाराला शपथेवर सांगावे लागते की समन्स असे असे दिले. हमदस्त समन्स मेहुण्याच्या पोराकडे देऊन 'टाकून ये' म्हणणाऱ्यांची पंचाईत होते ती इथे.

बेलीफ घरी गेला आणि माणूस भेटला तर प्रश्न मिटला. नसला, आणि वाजवी वेळात भेटण्याची शक्यताही दिसली नाही, तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातल्या सज्ञान व्यक्तीला समन्स देता येते. 1976 च्या दुरुस्तीपूर्वी ही व्यक्ती पुरुषच असावी लागे; आता पत्नी, आई, सज्ञान मुलगी कोणीही चालते. नोकर चालत नाही, कायद्यातच तसे म्हटले आहे. म्हणून पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत वॉचमनने वहीत नोंद करून ठेवून घेतलेले समन्स म्हणजे बजावणी नव्हे. बेलीफाला फाटकातच अडवून 'फ्लॅटवर कोणी नाही' सांगणाऱ्या सुरक्षारक्षकांमुळे किती समन्से परत जातात याचा हिशेब कोणी ठेवला तर तो वाचण्यासारखा होईल.

दार बंद असले किंवा नकार मिळाला तर समन्स घराच्या बाहेरच्या दारावर किंवा ठळक दिसेल अशा भागावर डकवायचे. इथे अहवालाचा प्रत्येक शब्द कामाचा असतो. 'सदर इसम मिळून आला नाही, सबब समन्स परत' ही ओळ कुचकामी आहे. चालणारा अहवाल असा: 'दि. अमुक रोजी सकाळी 8.30 वाजता व पुन्हा दि. अमुक रोजी सायंकाळी 6.15 वाजता गेलो. घरास कुलूप होते. घर पोलीस पाटील यांनी दाखविले. शेजारी विचारता इसम कामानिमित्त परगावी असून परतीची खात्री नाही असे समजले. समन्सची प्रत दर्शनी दारावर दोन पंचांसमक्ष डकविली.' खाली पंचांची नावे, पत्ते आणि सह्या. घर कोणी दाखवले आणि कोणाच्या समक्ष डकवले, ही माहिती अहवालात असायलाच हवी. दुपारी दोन वाजता एकदाच जाऊन कुलूप पाहिले आणि चिकटवून आलो, याला कायद्याच्या भाषेतली योग्य आणि वाजवी खटपट म्हणत नाहीत. शेतकरी त्या वेळी शेतात असतो आणि नोकरदार कचेरीत, हे कोणालाही कळते. आता ई-कोर्ट्स प्रकल्पात बेलीफांना 'एनस्टेप' प्रणालीचे मोबाईल ॲप मिळाले आहे. त्यात जागेचे जीपीएस ठिकाण आणि फोटो नोंदवता येतो, त्यामुळे पारावर बसून लिहिलेले अहवाल कमी व्हायला हरकत नाही.

टपालाचीही सोय आहे. पोचपावतीसह नोंदणीकृत टपाल, स्पीड पोस्ट, न्यायालयाने मान्य केलेली कुरिअर सेवा आणि ई-मेल, सगळे ऑर्डर 5 मध्ये बसते. 2025 मध्ये टपाल खात्याने नोंदणीकृत टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन केल्यावर अनेक पक्षकार बावचळले. पण नियमात स्पीड पोस्ट आधीपासूनच आहे. लिफाफ्यावरचा शेरा नीट वाचायला शिकले पाहिजे. 'घेण्यास नकार' असेल तर समन्स बजावले असे न्यायालय जाहीर करते. 'पत्ता सोडून गेले' याचा अर्थ नकार नव्हे, तिथे नवा पत्ता शोधण्यावाचून इलाज नाही. पत्ता बरोबर, टपालखर्च भरलेला, पण पोचपावतीच हरवली किंवा समन्स काढल्यापासून 30 दिवसांत आली नाही, तरीही बजावणी झाल्याचे जाहीर करता येते. त्यासाठी पाठवल्याची मूळ पावती दप्तरात हवी. ती पावती वकिलाच्या टेबलावर राहते आणि तारीख पुढे जाते. व्हॉट्सॲपबद्दलही सगळे विचारतात. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 साली एका दरखास्तीत (निकालाच्या अंमलबजावणीच्या अर्जात) व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस, निळ्या खुणा पाहून, मिळाली असे धरले होते. म्हणून आपल्या मनाने मेसेज टाकला आणि समन्स बजावले असे होत नाही, न्यायालयाची परवानगी आधी घ्यावी.

अंतराचा नियम बऱ्याच जणांना माहीत नसतो. साक्षीदार न्यायालयाच्या हद्दीबाहेर राहत असेल तर 100 किलोमीटरच्या आतल्यालाच जातीने हजर राहण्याचा हुकूम देता येतो. वाटेच्या सहापैकी पाच हिश्श्यांना रेल्वे किंवा ठरावीक सार्वजनिक वाहतूक असेल तर ही मर्यादा 500 किलोमीटर होते. समजा, मृत्युपत्रावर सही करणारा आपला गृहस्थ म्हातारपणी मुलीकडे नागपूरला राहायला गेला. सातारा-नागपूर अंतर 500 च्या खूप पुढे. त्याला समन्सने ओढून आणता येत नाही. विमानाची सोय असेल आणि विमानाचे भाडे दिले तर हजर राहण्याचा हुकूम करता येतो, किंवा नागपूरलाच कमिशन काढून, म्हणजे न्यायालयाने नेमलेल्या व्यक्तीकडून, साक्ष घ्यायची. अंतरामुळे साक्षीदाराला बोलावता येत नसेल आणि न्यायासाठी साक्ष जरुरीची असेल, तर कमिशन काढलेच पाहिजे असे ऑर्डर 26 म्हणते. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा अर्जही करता येतो, आणि ऐंशीच्या घरातल्या माणसासाठी तोच बरा. मृत्युपत्राच्या बाबतीत हे सगळे वेळेत करणे फार गरजेचे आहे, कारण सही करणाऱ्या साक्षीदारांपैकी एक जण जरी हयात, साक्ष देण्यास समर्थ आणि न्यायालयाच्या हुकूमतीत असेल, तर किमान एकाला तपासल्याशिवाय मृत्युपत्र पुराव्यात वापरता येत नाही. समन्स चारदा परत येईतो तो गेला तर सगळे मुसळ केरात.

समन्सने आलेल्या साक्षीदाराच्या सरतपासणीचे (बोलावणाऱ्या पक्षाने घेतलेल्या पहिल्या साक्षीचे) शपथपत्र आधी तयार करून आणा असा आग्रह कधीकधी धरला जातो. बँकेचा अधिकारी किंवा डॉक्टर आपल्या वकिलाच्या कचेरीत येऊन शपथपत्र कशाला करेल? सर्वोच्च न्यायालयाने सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशनच्या पहिल्या निकालात म्हटले आहे की शपथपत्राची सक्ती मुख्यतः समन्सशिवाय आणलेल्या साक्षीदारांना लागू आहे. समन्स काढलेल्याला शपथपत्र द्यायचे की न्यायालयात तोंडी सांगायचे याची निवड देता येते. अर्ज देतानाच 'सरतपासणी तोंडी घ्यावी' अशी विनंती घातली की हा वाद मिटतो.

बजावणी होऊनही कोणी आले नाही तर? आधी बेलीफाचे शपथपत्र पाहिले जाते, ते नसेल तर त्याला शपथेवर विचारले जाते. साक्ष महत्त्वाची आहे आणि माणूस सबळ कारणाविना आला नाही किंवा मुद्दाम समन्स चुकवतो आहे असे न्यायालयाला वाटले, तर जाहीरनामा, जामीनपात्र किंवा बिनजामिनी वॉरंट, मालमत्तेची जप्ती हे मार्ग आहेत. दंडाचा आकडा मात्र गमतीचा आहे. संहितेच्या कलम 32 मध्ये तो 5000 रुपयांपर्यंत वाढवला गेला, पण ऑर्डर 16 च्या नियम 12 मध्ये 500 चा आकडा तसाच राहिला.

ज्याच्या घरी समन्स येते त्याच्यासाठी थोडे. ते घ्या, सही करा, भत्ता मागून घ्या. नकार दिल्याने समन्स टळत नाही, उलट 'नकार' हीच बजावणी ठरते. तुमच्याकडे तो कागद नसेल तर तसे लेखी कळवा. साक्ष अर्धी राहिली तर न्यायालयाने सोडल्याशिवाय निघून जाऊ नका, पुढची तारीख समजून घ्या आणि कचेरीसाठी हजेरीचा दाखला मागा. अलीकडे खोट्या कोर्टाच्या कागदांनी लोकांना फोनवर लुबाडले जाते, तेव्हा खात्री करून घ्यायला लाजू नका. प्रत्येक दाव्याला 16 अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक असतो. समन्सवर तो छापलेला नसेल तर दावा क्रमांक, वर्ष आणि न्यायालयाचे नाव ई-कोर्ट्सच्या ॲपवर घाला. पक्षकारांची नावे आणि पुढची तारीख दिसते. साक्षीदाराकडून कोणतेही दिवाणी न्यायालय फोनवर पैसे मागत नाही. इथे पैसे मिळायचे असतात ते साक्षीदाराला.

आता आपल्या दैनिकाशी संबंधित एक गोष्ट. माणूस मुद्दाम तोंड चुकवत असेल तर न्यायालय जाहीर समन्सचा हुकूम करते आणि ते त्या भागात खपणाऱ्या दैनिकात छापावे लागते, माणूस शेवटी जिथे राहत होता किंवा धंदा करत होता त्या भागात. पक्षकार स्वस्तातले पत्र निवडतो, ते त्या तालुक्यात येतच नाही, आणि पुढे 'मला समन्स मिळालेच नाही' या अर्जावर वर्ष-दोन वर्षांचे काम उलटते. आपल्याकडे आलेली जाहीर समन्से आतल्या पानावर बारीक टाइपात, न्यायालयाच्या लांबलचक नावाखाली छापली जातात. ज्याच्यासाठी ती आहेत त्याच्या गावाचे आणि तालुक्याचे नाव सर्वांत वर, ठळक टाइपात घालायला आपल्या जाहिरात विभागाला सांगता येईल का? चावडीवर पेपर चाळणारा कोणीतरी 'अरे, आपल्या गावातल्या माणसाचं काही आलंय' म्हणून निरोप तरी देईल.

आपले,
दिवाणी न्यायालयात वकिली करणारे दोन वाचक,
सातारा